माया नगरराज्यं आणि त्यांच्या भव्य वास्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माया इतिहासावर कुठेही बोललं की नंतर साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. उच्चारांबद्दल आधीच सांगतो. रोमन लिपीत लिहिलेल्या माया नावांत 'एक्स'चा उच्चार 'श' होतो आणि 'जे'चा 'ह'. त्यामुळे इथे 'उश्माल' आणि 'अहाव' असं लिहिलेलं दिसेल.

१. माया, ॲझटेक, इंका हे सगळे एकच का?

नाही. इंका दक्षिण अमेरिकेतले, पेरूच्या डोंगरांतले. ॲझटेक मध्य मेक्सिकोतले आणि बरेच उशिराचे, चौदाव्या ते सोळाव्या शतकातले. माया प्रदेश म्हणजे मेक्सिकोचा युकातान आणि चियापासकडचा भाग, ग्वातेमाला, बेलीझ, शिवाय होंडुरास आणि एल साल्वादोरचा पश्चिमेकडचा पट्टा. इ.स. २५० ते ९०० या काळाला अभ्यासक 'अभिजात काळ' म्हणतात. राजांची नावं आणि तारखा कोरलेले बहुतेक शिलालेख याच काळातले आहेत. वेरूळचं कैलास लेणं खोदलं जात होतं त्या आठव्या शतकात तिकाल, कोपान ही शहरं ऐन भरात होती.

२. महाभारतातला मयासुर आणि हे माया लोक यांचा काही संबंध आहे का? मयसभा, मोठे वास्तुविशारद, नावही तेच...

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच ठरलेलं हवं असतं. संबंध नाही. 'माया' हे नाव युकातानमधल्या स्थानिक शब्दावरून आलं आणि नंतर सगळ्या प्रदेशाला लावलं गेलं. तिकालचा माणूस स्वतःला 'माया' म्हणवत नव्हता, तो आपल्या राज्याचं नाव सांगे. भाषा, पिकं, जनावरं, धातू यांतलं काहीच जुळत नाही. शून्याचंही तसंच. माया लोकांनी शून्य वापरलं हे खरं, पण त्यांची गणना विसाच्या पटीत चालते, आपली दहाच्या. दोन्हीकडे ते स्वतंत्रपणे सुचलं.

३. माया साम्राज्याची राजधानी कोणती होती?

अभिजात काळात माया साम्राज्य असं काही नव्हतं, म्हणून राजधानीही नव्हती. डझनावारी नगरराज्यं होती. प्रत्येकाचा राजा वेगळा, कुलदैवतं वेगळी, वंशावळ वेगळी. राजाला 'अहाव' म्हणत आणि मोठ्या गादीवरचा राजा स्वतःला 'कुहुल अहाव', म्हणजे पवित्र स्वामी म्हणवून घेई. भाषा, लिपी, पंचांग, देव यांत मात्र पुष्कळ साम्य होतं.

हे लक्षात आलं की वास्तूंकडे बघण्याची नजर बदलते. 'मायांनी पिरॅमिड बांधले' या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणत्या राजाने, कोणत्या साली आणि कोणाला दाखवायला बांधला, हे विचारलं की दगड बोलू लागतात. पुढची बरीच उत्तरं याच वाटेने जातात.

४. मग ही राज्यं आपापसांत लढायची का? सगळ्यात मोठं वैर कोणाचं?

तिकाल आणि कालाकमुल यांचं. तिकाल उत्तर ग्वातेमालात, कालाकमुल त्याच्या उत्तरेला आजच्या मेक्सिकोत. कालाकमुलचे राजे 'कानुल', म्हणजे सर्पघराण्याचे.

सुरुवात आधीपासून सांगायला हवी. १६ जानेवारी ३७८ या दिवशी सियाह काहक नावाचा एक सरदार तिकालला पोहोचला, आणि त्याच दिवशी तिथल्या राजाचा मृत्यू झाला. शिलालेख दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नोंदवतात, त्यामुळे काय झालं असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. पुढच्याच वर्षी याश नून आहीन हा नवा राजा गादीवर आला. त्याच्या शिल्पांतला पोशाख हजारेक किलोमीटर दूरच्या तेओतिवाकान या मध्य मेक्सिकन महानगराच्या धाटणीचा आहे. तिथून तिकालचा दबदबा वाढला.

सर्पघराण्याने त्याला शह दिला तो तलवारीपेक्षा सोयरिकींनी. तिकालच्या भोवतीच्या राज्यांत लेकी द्यायच्या, आपल्या मर्जीतला राजा गादीवर बसवायचा आणि तिकालला एकटं पाडायचं. ५६२ मध्ये तिकाल हरलं आणि पुढे सुमारे १३० वर्षं तिथे तारीख कोरलेला एकही शिलास्तंभ उभा राहिला नाही. त्यात भर भाऊबंदकीची. तिकालच्याच राजघराण्यातला बालाह चान काविल दोस पिलासला गादी थाटून बसला, पुढे कालाकमुलचा मांडलिक झाला आणि ६७९ मध्ये त्याने तिकालच्या राजाला हरवलं. ही हकीकत त्याने पायऱ्यांवर कोरून ठेवली आहे, त्यात कवट्यांच्या ढिगाचाही उल्लेख आहे.

तिकालने उट्टं काढलं ते ६९५ मध्ये. ६८२ ला गादीवर आलेल्या हासाव चान काविलने कालाकमुलच्या राजाचा पराभव केला. तिकालच्या चौकातलं ४७ मीटर उंचीचं मंदिर १ हे याच राजाचं, त्याची कबर त्याच्या पोटात आहे. त्याच्या मुलाने ७४० च्या सुमारास मंदिर ४ बांधलं, सुमारे ६५ मीटर उंच. छायाचित्रांत जंगलावर डोकं काढणारी जी शिखरं दिसतात, ती शतकभराच्या अपमानानंतर आलेली आहेत.

५. हे इतकं तपशीलवार कळलं कसं?

लिपी वाचता आली म्हणून, आणि ती फार उशिरा वाचता आली. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या सोव्हिएत अभ्यासकाने दाखवलं की चिन्हांत अक्षरांसारखे उच्चार आहेत. १९५८ मध्ये हाइनरिश बर्लिन यांना प्रत्येक शहराचं एक ठरावीक 'राजचिन्ह' सापडलं. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकोफ यांनी पिएद्रास नेग्रास या माया शहरातले स्तंभ तपासले आणि त्यांवरच्या तारखा राजांच्या जन्माच्या आणि राज्यारोहणाच्या आहेत हे सिद्ध केलं. त्याआधी माया म्हणजे आकाशाकडे बघत बसलेले शांतताप्रिय पुजारी, असा समज होता. १९४६ मध्ये उजेडात आलेल्या बोनाम्पाकच्या भित्तिचित्रांनी त्याला तडा दिलाच होता. तिथे लढाई आहे आणि बोटांतून रक्त ठिबकणारे कैदीही आहेत.

६. 'तिकाल', 'पालेंके' ही मूळ नावं आहेत का?

बहुतेक नाहीत. 'पालेंके' हा तर स्पॅनिश शब्द, अर्थ कुंपण किंवा तटबंदी. मूळ शहराचं नाव लाकमहा, म्हणजे 'मोठं पाणी', आणि राज्याचं नाव बाकाल. तिकालचं राजचिन्ह 'मुतुल' असं वाचतात. उश्माल, चिचेन इत्झा ही नावं मात्र उत्तरेतली, स्थानिकांच्या तोंडी राहिलेली. 'चिचेन इत्झा' म्हणजे इत्झांच्या विहिरीचं मुख.

७. एखाद्या माया शहराच्या मध्यभागी काय काय असतं?

चुन्याने गुळगुळीत केलेला चौक, त्याच्या कडेला उंच जोत्यांवरची मंदिरं, राजवाडा, चेंडूचं मैदान आणि चौकात ओळीने शिलास्तंभ. बऱ्याच ठिकाणी उंच केलेले पांढरे रस्तेही असतात, त्यांना 'साकबे' म्हणतात. कोबा ते याशुना हा रस्ता सुमारे १०० किलोमीटरचा आहे. सामान्य माणसांची घरं मातीकुडाची आणि गवताने शाकारलेली, ती चौकापासून लांबवर विखुरलेली असत.

आज राखाडी दिसणारं हे सगळं तेव्हा रंगवलेलं होतं, बहुतेक लाल. हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय कुठल्याही छायाचित्रावर विश्वास ठेवू नका.

८. लोखंड नाही, चाक नाही, बैल नाही. मग बांधलं कसं?

प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. (चाक त्यांना ठाऊक नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही, मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या पट्ट्यात, चाकं लावलेली मातीची खेळणी सापडली आहेत. पण ओढायला जनावरच नसेल तर गाडी कशाला?) ओझी माणसांच्या पाठीवरून जात, कपाळाला पट्टा लावून. घाव घालायला चकमकीच्या दगडाची हत्यारं होती. दगड मुख्यतः चुनखडीचा. तो खाणीतून ताजा काढला की मऊ असतो आणि उघड्यावर राहिला की टणक होतो, त्यामुळे दगडी हत्यारांनी काम निभे. आत दगडमातीची भर, बाहेर घडीव दगड, वर चुन्याचा जाड गिलावा. त्या चुन्यासाठी चुनखडी भाजायची, म्हणजे लाकडाच्या राशी जाळायच्या. माझ्या मते माया बांधकामात दगडापेक्षा जळण महाग पडलं असेल.

छतासाठी त्यांनी खरी कमान वापरली नाही. दोन्ही बाजूंचे दगड थराथराने आत सरकवत आणायचे आणि वर एका दगडाने झाकायचे. आपल्याकडच्या जुन्या मंदिरांत यालाच कदलीकरण म्हणतात. यात खोली रुंद होत नाही. म्हणूनच बाहेरून डोंगराएवढ्या दिसणाऱ्या मंदिर १ मध्ये आत तीन अरुंद खोल्या आहेत, बाकी सगळी भिंतच.

दारावर, आपली गणेशपट्टी असते तिथे, लाकडी तुळया असत. तिकालच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. हो, आपण खातो तोच चिकू. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतल्या झाडाचं मूळ घर हा माया प्रदेश आहे. त्याचं लाकूड इतकं चिवट की बाराशे वर्षांनंतरही त्यावरचं कोरीव काम वाचता येतं.

९. पिरॅमिडच्या आत काय आहे? इजिप्तसारखी थडगी का?

काहींत थडगी आहेत, सगळ्यांत नाहीत. पण जवळजवळ सगळ्यांत एक गोष्ट आढळते, आधीचा पिरॅमिड. जुनी वास्तू पाडून टाकण्याऐवजी तिच्यावरच नवी चढवायची अशी रीत होती. कोपानला १९८९ मध्ये अशाच एका वास्तूच्या पोटात एक अख्खं मंदिर रंगासकट सापडलं. ते 'रोसालिला' म्हणून ओळखलं जातं. एरवी जुन्या मंदिराचं वरचं अंग मोडून मग नवं बांधत, हे मात्र जपून गाडलेलं होतं. खाली, सगळ्यात तळाशी, ४२६ मध्ये घराणं स्थापन करणारा किनिच याश कुक मो याची असावी अशी कबर आहे.

थडग्याचं सगळ्यात मोठं उदाहरण पालेंकेचं. किनिच हानाब पकाल ६१५ मध्ये बाराव्या वर्षी गादीवर आला. त्याआधी, ५९९ आणि ६११ मध्ये, कालाकमुलने हे शहर दोनदा लुटलं होतं. तो ६८३ पर्यंत, म्हणजे ६८ वर्षं राज्यावर राहिला. १९४९ मध्ये आल्बेर्तो रूस यांना 'शिलालेखांच्या मंदिरा'तल्या फरसबंदीत एक वेगळी शिळा दिसली. तिच्याखालचा जिना राडारोड्याने ठासून भरलेला होता, तो रिकामा करायला तीन वर्षं गेली. १९५२ मध्ये खाली पकालची शवपेटी मिळाली. पेटी आधी ठेवून मंदिर नंतर वर बांधलं असणार, कारण ती जिन्यातून खाली नेताच आली नसती.

१०. त्या शवपेटीच्या झाकणावर अंतराळवीर कोरलाय ना?

झाकण आडवं धरून बघितलं की तसा भास होतो. ते उभं बघायचं असतं. पकाल पाताळाच्या जबड्यात आहे, त्याच्या मागून विश्ववृक्ष वर जातो आणि वृक्षाच्या शेंड्यावर पक्षी आहे. तोच वृक्ष आणि तोच पक्षी पालेंकेच्या दुसऱ्या शिल्पांतही आहेत, तिथे कोणाला यान दिसत नाही.

११. चिचेन इत्झाच्या पायऱ्या ३६५ आहेत हे खरं का? आणि सापाची सावली?

तिथल्या मुख्य पिरॅमिडच्या चार बाजूंना प्रत्येकी ९१ आणि वरची एक, मिळून ३६५. आज दिसणाऱ्या बऱ्याच पायऱ्या दुरुस्तीत नव्याने बसवल्या आहेत, तरी हिशोब ठरवून केलेला वाटतो. विषुवदिनाच्या सुमारास दुपारी उत्तरेच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण पडतात आणि ते तळाच्या सर्पमुखाला जोडले जातात. हे दृश्य त्या एकाच दिवशी नव्हे, आधीनंतरही बरेच दिवस दिसतं. तो परिणाम मुद्दाम साधला होता का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला सापाची मुंडकी नेमक्या त्याच कठड्याखाली असणं पुरेसं बोलकं वाटतं. या पिरॅमिडच्या पोटातही जुना पिरॅमिड आहे (प्रश्न ९), त्यात लाल रंगाचं जग्वारच्या आकाराचं आसन मिळालं.

१२. चेंडूच्या खेळात जिंकणाऱ्याचा बळी देत, असं गाइड सांगतात.

गाइडांना गोष्ट रंगवायची असते. चिचेन इत्झाच्या मैदानावर (१६८ बाय ७० मीटर, मेसोअमेरिकेतलं सगळ्यात मोठं) मुंडकं उडवलेल्या खेळाडूचं शिल्प आहे, त्याच्या मानेतून रक्ताऐवजी साप निघतात. तो जिंकलेला आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. लेखांत खेळाशी जोडून दिसतात ते युद्धकैदी. भरीव रबराचा चेंडू बहुधा कमरेने मारत.

१३. लहान राज्याने मोठ्याला हरवल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते फार झोंबरं आहे. किरिग्वा हे कोपानचं मांडलिक. तिथल्या काहक तिलिव चान योपातला ७२५ मध्ये गादीवर बसवलं ते कोपानच्या वाशाकलाहून उबाह काविलने. तेरा वर्षांनी, ७३८ मध्ये, त्याच मांडलिकाने या धन्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला. किरिग्वाच्या लेखांत त्याच सुमारास कालाकमुलच्या राजाचा उल्लेख येतो, म्हणजे प्रश्न ४ मधलं राजकारण इथवर पोहोचलं होतं.

यानंतर दोन्हीकडे बांधकामाला ऊत आला. किरिग्वाने एकापेक्षा एक उंच स्तंभ उभारले. ७७१ चा स्तंभ जमिनीखालच्या भागासकट सुमारे १०.६ मीटरचा आहे, माया जगातला सगळ्यात मोठा. कोपानने मान खाली घातली नाही. मारल्या गेलेल्या राजाने सुरू केलेला लेखांचा जिना पुढच्या पिढीने वाढवला, त्यावर सुमारे २,२०० चिन्हांत घराण्याचा गौरव आहे. एवढा लांब माया लेख दुसरा नाही. वाईट एवढंच की कोसळलेला जिना विसाव्या शतकात पुन्हा रचला तेव्हा लिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे बऱ्याच दगडांचा क्रम चुकला.

१४. राण्या राज्य करत होत्या का?

काही करत होत्या. सगळ्यात धडाडीची वाक चानिल अहाव. ती दोस पिलासच्या बालाह चान काविलची (प्रश्न ४) मुलगी, ६८२ मध्ये नारान्होला आली आणि तिथलं मोडलेलं घराणं तिने पुन्हा उभं केलं. ६९३ मध्ये पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून कारभार स्वतः पाहिला. स्तंभांवर ती कैद्याला पायाखाली घेऊन उभी आहे. ही ढब एरवी राजांची.

१५. जंगलात एवढी माणसं राहत कशी? पाणी कुठून आणत?

तेव्हा तिथे आजच्यासारखं जंगल नव्हतंच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विमानातून लेसर किरणांनी केलेल्या पाहणीत उत्तर ग्वातेमालाच्या सुमारे २,१०० चौरस किलोमीटरमध्ये ६१,००० हून अधिक बांधकामं दिसली. घरं, बांध, शेतांचे चर, तटबंद्याही. त्यावरून मध्य सखल प्रदेशाची लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख असावी, असा अंदाज मांडला गेला.

तिकालला नदी नाही आणि पाऊस कित्येक महिने गायब असतो. म्हणून चौकांना उतार देऊन पावसाचं पाणी तलावांत वळवलं. एका तलावात पाणी गाळण्यासाठी लांबून आणलेली वाळू आणि झिओलाइट हे खनिज सापडलं. उत्तरेत सेनोते, म्हणजे चुनखडी खचून झालेल्या नैसर्गिक विहिरी होत्या. त्या नाहीत तिथे जमिनीत टाकी खोदत, आपल्या गडांवर असतात तशी.

१६. माया लोक अचानक नाहीसे कसे झाले?

नाहीसे झाले नाहीत. आजही लाखो लोक सुमारे ३० माया भाषा बोलतात. मोडली ती दक्षिणेतली राजघराणी, तीही एका दिवसात नव्हे. कोपानची शेवटची तारीख ८२२, तिकालची ८६९, तोनिनाची ९०९. तळ्यांच्या गाळावरून त्या काळात मोठे दुष्काळ पडल्याचं दिसतं. त्यात सततची युद्धं आणि थकलेली जमीन. पाऊस आणण्याची हमी देणारा राजाच जर पाऊस आणू शकत नसेल, तर त्याच्यासाठी चुना कोण भाजणार? लोक उठून दुसरीकडे गेले. चिचेन इत्झा याच काळात वाढलं. शेवटचं स्वतंत्र माया राज्य, नोहपेतेन, तर १६९७ मध्ये स्पॅनिशांच्या हाती पडलं.

१७. २०१२ मध्ये जग संपणार असं त्यांनी लिहिलं होतं ना?

नाही. १,४४,००० दिवसांच्या एका आवर्तनाचा तेरावा फेरा संपला, एवढंच. पालेंकेच्या लेखात तर इ.स. ४७७२ मधल्या तारखेचा हिशोब आहे.

१८. प्रत्येक मोठ्या वास्तूमागे राजा असतोच का?

नाही, आणि वर मी जे ठासून सांगितलं (प्रश्न ३) त्याला हा मोठा अपवाद आहे. ताबास्कोमधल्या आग्वादा फेनिक्सचं मातीचं जोतं १.४ किलोमीटर लांब आणि १० ते १५ मीटर उंच आहे. ते इ.स.पू. १००० ते ८०० दरम्यानचं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे राजाचं शिल्प नाही, राजवाडा नाही. लोकांनी मिळून ते उभारलं असावं असं दिसतं. एल मिरादोरचा ७२ मीटर उंच 'दान्ता' पिरॅमिडही अभिजात काळाच्या आधीचा, त्याच्या धन्याचं नाव कुठे कोरलेलं नाही.

१९. साम्राज्य नव्हतं म्हणता, मग मायापान काय होतं?

चिचेन इत्झानंतर, साधारण तेराव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत, उत्तर युकातानमधली अनेक घराणी मायापानच्या तटाआड एकत्र नांदत होती. तट सुमारे ९ किलोमीटरचा, आत ४,००० च्या आसपास बांधकामं. कोकोम घराण्याचा वरचष्मा होता. शिऊ घराण्याने उठाव केला आणि शहर ओस पडलं. याला संघ म्हणता येईल, साम्राज्य नाही. त्यांचा मुख्य पिरॅमिड चिचेन इत्झाच्या पिरॅमिडची लहान नक्कल आहे, दगड ओबडधोबड आणि उणीव चुन्याने झाकलेली.

२०. पिरॅमिडवर चढता येतं का? आणि तिकडे न जाता काही बघता येईल का?

चिचेन इत्झाच्या मुख्य पिरॅमिडवर चढणं बंद आहे. तिकालला मंदिर ४ वर बाजूच्या लाकडी जिन्याने जाता येतं, पहाटे गेलात तर धुक्यातून बाकीची शिखरं वर येताना दिसतात. त्याच मंदिराच्या चिकूच्या कोरीव तुळया मात्र तिथे नाहीत. एकोणिसाव्या शतकात त्या काढून नेल्या, आज त्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयात आहेत. याशचिलानच्या सर्वोत्तम दगडी तुळया लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथे गेलात तर काबाल शोक ही राणी जिभेतून काट्यांची दोरी ओढते तो दगड शोधा. शेजारी मशाल धरून उभा आहे तो तिचा नवरा.